सायकलचा दिवा

[अंधारात सायकल चालवताना दिवा कशासाठी लागतो, तो कसा असावा, कायदा काय सांगतो आणि दिवा लावताना समोरून येणाऱ्याचा विचार कसा करावा, याविषयीची माहिती या पाठात दिली आहे. पाठातील ठिकाणे सातारा व सांगली जिल्ह्यांतील आहेत.]

डिसेंबर महिन्यात सांगलीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच-साडेपाचला शाळा सुटते. ज्याचे घर शाळेजवळ आहे, तो उजेडात घरी पोहोचतो. पण ज्याला चार-पाच किलोमीटर जायचे आहे, किंवा वाटेत अब्बांच्या दुकानात थोडा वेळ थांबायचे आहे, त्याला रस्त्यातच अंधार गाठतो. जून महिन्यात हाच सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. म्हणजे शाळा सुरू झाली तेव्हा ज्या वेळेला उजेड होता, त्याच वेळेला थंडीत काळोख असतो. घड्याळ तेच, रस्ता तोच, सायकलही तीच. पण प्रवास मात्र वेगळा.

याच दिवसांत कृष्णाकाठी उसाचा गाळप हंगाम जोरात असतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, शेंद्रे येथील अजिंक्यतारा, भुईंजचा किसन वीर, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, असे कितीतरी साखर कारखाने या दोन जिल्ह्यांत आहेत. त्यांच्याकडे रात्रंदिवस ऊस जात असतो. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या यांची रांग लागते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले ऊसतोड कामगार मध्यरात्रीसुद्धा गाडी हाकत असतात. ट्रॉलीतला ऊस मागे व दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. त्यामुळे ट्रॉलीला मागचा दिवा असला, तरी तो पुष्कळदा उसाच्या वाढ्याखाली झाकला जातो. अशा रस्त्याच्या कडेने शाळेतला मुलगा सायकल चालवत असतो आणि त्याच्या सायकलला दिवा नसतो.

सायकलच्या दुकानात पुढीलसारखे बोलणे नेहमी ऐकू येते.

"चाचा, चेन सैल झाली आहे. जरा आवळून द्या ना."

"देतो, बेटा. पण तुझा मागचा रिफ्लेक्टर कुठे गेला? आणि पुढे दिवाही नाही!"

"दिवा कशाला, चाचा? आमच्या रस्त्यावर खांब आहेत. मला रस्ता चांगला दिसतो."

"तुला रस्ता दिसतो, हे खरे. पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तू दिसतोस का?"

चाचांचा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. घरातला दिवा आपण आपल्याला दिसावे म्हणून लावतो. सायकलच्या दिव्याचे काम मात्र दुहेरी आहे. पुढचा दिवा आपल्याला खड्डा दाखवतो, हे त्याचे लहान काम. आपण रस्त्यावर आहोत हे तो दुसऱ्यांना सांगतो, हे त्याचे मोठे काम. मागचा दिवा तर आपल्याला मुळीच दिसत नाही. तो पूर्णपणे दुसऱ्यासाठी असतो.

आता थोडे गणित करू. एक जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाला काहीतरी दिसले, ते काय आहे हे त्याला कळले आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात जीप २५ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक दाबल्यावरही ती लगेच थांबत नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला तिला आणखी २० ते २५ मीटर लागतात. एकूण अंतर ४५ ते ५० मीटर झाले. भरलेल्या ट्रकला याहूनही जास्त अंतर लागते. दुसरीकडे, गडद रंगाचे कपडे घातलेला आणि दिवा नसलेला सायकलस्वार जीपच्या खालच्या उजेडात पुष्कळदा ३० मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. थांबायला ५० मीटर हवेत आणि हाताशी आहेत फक्त ३०. उरलेले २० मीटर कोठून आणणार? चालक कितीही सावध असला, तरी हे गणित बदलत नाही. लहानसा लाल दिवा मात्र ते बदलतो, कारण तो शेकडो मीटरवरून दिसतो.

पुढे पांढरा आणि मागे लाल, हा रंगांचा नियम जगभर पाळला जातो. त्याचे कारण साधे आहे. अंधारात चालकाला सायकल दिसत नाही, माणूस दिसत नाही. दिसतो फक्त एक ठिपका. ठिपका पांढरा असेल तर ती वस्तू आपल्याकडे येत आहे आणि लाल असेल तर ती आपल्या पुढे त्याच दिशेने चालली आहे, असे त्याला एका क्षणात कळते. काही मुले हौसेने सायकलच्या पुढे लाल, निळे किंवा हिरवे लुकलुकणारे दिवे लावतात. पुढे लाल दिवा लावणे म्हणजे समोरच्याला खोटी बातमी देणे होय. आपण त्याच्याकडे येत असतो आणि त्याला वाटते, हा पुढे चालला आहे.

रिफ्लेक्टर म्हणजे काय, तेही पाहू. मराठीत त्याला परावर्तक म्हणतात; पण दुकानात रिफ्लेक्टर हाच शब्द चालतो. त्याला वीज लागत नाही, सेलही लागत नाहीत. त्याच्या लाल काचेच्या आत बारीक बारीक कोपऱ्यांची जाळी असते. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, तसे हे कोपरे असतात. कोपऱ्यात चेंडू फेकला की तो भिंतींवर आपटून पुन्हा फेकणाऱ्याकडे येतो. प्रकाशाचेही तसेच होते. जीपच्या दिव्याचा प्रकाश रिफ्लेक्टरवर पडतो आणि परत जीपच्या दिशेनेच जातो. म्हणून चालकाला तो एकदम चमकलेला दिसतो आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तो साधा लाल तुकडा वाटतो. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर तर फारच उपयोगी. ते सारखे वर-खाली होतात. असे वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की, समोर सायकल आहे हे चालक लांबूनच ओळखतो.

परंतु रिफ्लेक्टर असला म्हणजे दिव्याची गरज संपली, असे नाही. त्याच्यावर कोणाचा तरी प्रकाश पडला तरच तो चमकतो. चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्या मोटारीचा उजेड त्याच्यावर पडत नाही. पायी चालणाऱ्याच्या हातात तर दिवाच नसतो.

सायकल आपल्या भागात आली, तिला शंभराहून अधिक वर्षे झाली. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवत असत आणि थोरले बंधू रामुअण्णा दुकान सांभाळत. याच लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला. ती वसाहत म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानापासून झाली, हे सांगलीच्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे.

त्या काळी सायकलला तेलाचा दिवा असे. तो वाऱ्याने विझे आणि खड्ड्यात आदळला की काजळी धरे. पुढे कार्बाइडचा दिवा आला. त्याच्या डबीत कार्बाइडचे खडे ठेवत आणि त्यावर थेंब थेंब पाणी पाडत. त्यातून ॲसिटिलीन नावाचा वायू निघे आणि तो पांढऱ्या ज्योतीने जळे. त्याचा उजेड चांगला पडे. पण वास उग्र असे. गरीब माणूस मात्र हँडलला साधा कंदील अडकवी. हा 'कंदील' शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण 'क़ंदील' म्हणतो, तोच हा. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत. मग हवालदार लांबून दिसला की लोक सायकलवरून उतरत आणि ती हाताने ढकलत निघत. हवालदार मागे पडला की पुन्हा टांग टाकत! या युक्तीने दंड वाचत असेल. पण पुढच्या अंधाऱ्या वळणावर ती काय कामाची?

त्यानंतर आला डायनामो. बाटलीच्या आकाराचे हे लहान यंत्र टायरला टेकवतात. चाक फिरले की त्याचे डोके फिरते, आतले लोहचुंबक फिरते आणि तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या तत्त्वावरच तो चालतो. सायकलचा डायनामो साधारण ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा असतो. त्यातली बहुतेक वीज पुढच्या दिव्याला आणि थोडीशी मागच्या दिव्याला मिळते.

डायनामोला सेल लागत नाहीत, हा त्याचा गुण. त्याचा दोष साताऱ्यात लगेच लक्षात येतो. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसले आहे. तेथे रस्त्यांना चढ-उतार फार. चढावर सायकल हळू चालते, त्यामुळे दिवा मिणमिणतो. दम लागून थांबावे, तर दिवा विझतो. नेमक्या त्याच वेळी आपण रस्त्याच्या कडेला उभे असतो आणि कोणाला दिसत नाही. उलट उतारावर दिवा झगझगीत होतो आणि वेग इतका वाढतो की, त्या झगझगीत उजेडात दिसलेला खड्डा चुकवायलाही वेळ मिळत नाही. यवतेश्वरच्या घाटातून उतरणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. दिव्याचा उजेड जेवढ्या अंतरापर्यंत पडतो, तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. सांगलीत रस्ते सपाट आहेत. तेथे डायनामो एकसारखा जळतो. पण थंडीच्या पहाटे नदीवर धुके उतरते. आयर्विन पुलावरून दूध घेऊन येणाऱ्या सायकलस्वाराला पुढचे दिसत नाही आणि मागच्याला तो दिसत नाही. तेव्हा सूर्य उगवला आहे म्हणून दिवा बंद करू नये. धुके आणि मुसळधार पाऊस यांनाही रात्रच समजावे.

आता सेलवर चालणारे छोटे एलईडी दिवे सगळीकडे मिळतात. ते थांबल्यावरही जळत राहतात, म्हणून साताऱ्यातल्या चढावर ते अधिक चांगले. फक्त ते भारित करायची आठवण ठेवावी लागते.

कायदा याबाबत काय सांगतो? 'कायदा' हा शब्दही आपल्या ओळखीचा आहे. पण येथे जरा सांभाळावे लागते. उर्दूत 'क़ायदा' म्हणजे नियम, आणि मुलांचे पहिले अक्षरांचे पुस्तकही. मराठीत 'कायदा' म्हणजे क़ानून. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. तो मोटार, ट्रक, मोटारसायकल यांना लागू होतो. पायाने चालवायची सायकल हे मोटार वाहन नाही. म्हणून सायकल चालवायला परवाना लागत नाही. यावरून काही जण असे समजतात की, सायकलला कोणताच कायदा लागू नाही. हा समज खरा नाही. महाराष्ट्रात १९५१ चा पोलीस कायदा आहे. त्याचे पूर्वीचे नाव मुंबई पोलीस कायदा असे होते. त्यात 'वाहन' या शब्दाच्या अर्थातच सायकलचा उल्लेख केला आहे. वाहनांवर किती दिवे असावेत, ते कोठे असावेत आणि कोणत्या वेळात लावावेत, याचे नियम करण्याचा अधिकार या कायद्याच्या ३३ व्या कलमाने अधिकाऱ्यांना दिला आहे. आपल्या गावात कोणता नियम चालू आहे, हे वाहतूक पोलिसांना विचारता येते. रस्ता डाव्या बाजूने वापरावा, हे बंधनही याच कायद्यात आहे.

दिवा कोणत्या वेळी लावावा, याचे चांगले माप मोटारींच्या १९८९ च्या नियमांत मिळते. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि उजेड पुरेसा नसेल तेव्हा केव्हाही, मोटारींनी दिवे लावले पाहिजेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. वरच्या गणितातले ३० मीटर आठवा, म्हणजे हा आकडा एवढा मोठा का ठेवला ते कळेल. सायकलस्वाराने मात्र अर्धा तास थांबू नये. दिवस मावळला की लगेच दिवा लावावा, कारण संधिप्रकाशात आपल्याला रस्ता दिसत असतो आणि आपण मात्र दिसेनासे झालेलो असतो.

रस्ते वाहतुकीविषयी १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे अनेक देशांचा करार झाला. भारत त्यात १९८० मध्ये सहभागी झाला. सायकलला ब्रेक, घंटी, मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा आणि मागे लाल दिवा असावा, असे त्यात सांगितले आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी वेगळा आदेश काढला आणि त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे आवश्यक ठरवले. त्यामुळे नवा रिफ्लेक्टर घेताना ते चिन्ह पाहून घ्यावे. दिवा मात्र बहुधा सायकलबरोबर मिळत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. घरी सायकल घेण्याचे ठरले की, दिव्याचे पैसेही त्याच हिशेबात धरायला अब्बांना सांगावे.

दिवा लावला म्हणजे आपले काम झाले, असेही नाही. काही दिवे फार प्रखर असतात. ते सरळ समोर रोखले, तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात आणि वयस्कर माणसाला त्याहूनही जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात समोरचा दुचाकीस्वार आंधळेपणानेच चालवत असतो, आणि कदाचित तो आपल्याच अंगावर येतो. मोटारीला डिपर असतो. समोरून कोणी आले की चालक दिव्याचा झोत खाली करतो. सायकलला डिपर नसतो, म्हणून तिचा दिवा आधीच खाली झुकवून पक्का करावा. याची परीक्षा घरीच करता येते. रात्री सायकल भिंतीसमोर चार-पाच पावलांवर सरळ उभी करा. भिंतीवर पडलेल्या झगझगीत गोलाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा खाली आली पाहिजे. ती वर जात असेल, तर दिवा आणखी झुकवा आणि स्क्रू आवळा. स्क्रू सैल राहिला, तर पहिल्या खड्ड्यातच दिवा मान वर करतो.

लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल लोकांची मते वेगवेगळी आहेत. तो लवकर लक्ष वेधून घेतो, हे खरे. परंतु लुकलुकणारा ठिपका किती लांब आहे, याचा अंदाज बांधणे कठीण जाते. म्हणून रस्त्यावर खांबांचे दिवे नसतील, तेथे पुढचा दिवा तरी स्थिर असावा. मागे लुकलुकणारा लावायचाच असेल, तर सोबत रिफ्लेक्टर असू द्यावा. तो स्थिर चमकतो आणि अंतर सांगतो.

सायकलस्वाराच्या दिव्याचा त्रास होऊ शकेल अशी माणसे आपल्या रस्त्यांवर पुष्कळ असतात. पहाटे नमाजाला जाणारे आजोबा, रस्त्याच्या कडेने फिरायला निघालेल्या बायका, डोक्यावर ओझे घेऊन बाजाराला चाललेली आजी. त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करावा, घंटी एकदा हलकेच वाजवावी आणि दिव्याचा झोत त्यांच्या तोंडावर जाऊ देऊ नये. बैलगाडी समोर आली तर विशेष काळजी घ्यावी. एकाएकी डोळ्यांवर झोत आला की बैल बुजतो, आणि गाडीत टनावारी ऊस असतो.

आणखी एक साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दप्तर कॅरिअरवर बांधले की त्याचा पट्टा मागे लोंबतो आणि मागचा दिवा झाकला जातो. दुधाच्या किटल्या अडकवल्या तरी तेच होते. ओझे लादून झाल्यावर दहा पावले मागे जाऊन एकदा पाहावे. मडगार्डवरची माती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर चमकत नाही. आणि रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली ट्रॉली उभी आहे, तिला दिवा नाही, असे दिसले तर गाडीवानाला हाक मारून सांगावे. त्याच्याजवळ कंदील असेल, तर तो ट्रॉलीच्या मागच्या फळीला अडकवता येतो.

शब्दार्थ
गाळप हंगाम – कारखान्यात ऊस पिळण्याचे दिवस. वाढे – उसाच्या शेंड्याकडचा हिरवा पाला. काटकोन – ९० अंशांचा कोन. मिणमिणणे – अगदी मंद जळणे. संधिप्रकाश – सूर्य मावळल्यानंतरचा अंधुक उजेड. प्रखर – फार तेज. डोळे दिपणे – जास्त उजेडाने काही न दिसणे. झोत – एका दिशेने पडणारा प्रकाश. बुजणे – घाबरून बिचकणे. भारित करणे – सेलमध्ये वीज भरणे. टांग टाकणे – सायकलवर चढणे.

स्वाध्याय
१. 'मागचा दिवा पूर्णपणे दुसऱ्यासाठी असतो,' असे लेखकाने का म्हटले आहे?
२. एक मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने येत आहे. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात मोटार किती मीटर पुढे येईल?
३. साताऱ्यात चढावर डायनामोचा दिवा मंद का होतो?
४. रिफ्लेक्टर असूनही दिवा का लागतो, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
५. 'कंदील' आणि 'कायदा' यांसारखे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द शोधा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते पाहा.
६. आपल्या वर्गातील सायकली पाहा. किती सायकलींना पुढचा दिवा, मागचा दिवा, रिफ्लेक्टर व घंटी आहे, याचा तक्ता तयार करा.